डॉक्टर, एक विचारू का?

दवाखाना चांगला की वाईट, हे ठरवायची आपली मापं ठरलेली आहेत. डॉक्टरच्या हाताला गुण आहे का, बाकड्यावर गर्दी किती असते आणि उतार पडायला किती तास लागतात. गर्दी आहे म्हणजे डॉक्टर चांगला, आणि डॉक्टर चांगला म्हणून गर्दी. हे एकदा सुरू झालं की आत काय चाललंय ते कुणी डोकावून बघत नाही. मी बघते, पण चिठ्ठीतून.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं मेडिकल आहे, वडिलांनी काढलेलं. बी.फार्म. झाल्यावर मी त्यांच्या शेजारी काउंटरला उभी राहिले, आता एकटीच बघते. समोर, शेजारी आणि मागच्या गल्लीत मिळून पाच-सहा दवाखाने आहेत. त्यांतल्या एकाही डॉक्टरला मी पेशंट तपासताना धड पाहिलेलं नाही. तरी कोण जपून लिहितं, कोण सवयीने लिहितं आणि कोण कंपनीचा माणूस नुकताच येऊन गेला म्हणून लिहितं, हे दिवसभर हातातून जाणाऱ्या कागदांवरून कळतं. एखाद्या आठवड्यात अचानक प्रत्येक तापाला एकाच कंपनीचं अँटिबायोटिक दिसायला लागलं, की ती साथ तापाची नसते.

चिठ्ठी वाचणं हा या धंद्यातला पहिला धडा. डायोव्हॉल हे पित्ताचं औषध, डाओनिल मधुमेहाचं. घाईत खरडलं की सुरुवातीचा ‘डी’ आणि शेवटचा ‘एल’ एवढंच उरतं, मधे नुसती लाट. मधुमेह नसलेल्या, पित्ताने उपाशी बसलेल्या बाईच्या पोटात डाओनिल गेलं तर साखर उतरून ती बेशुद्ध पडू शकते. म्हणून वडील चिठ्ठी आधी वाचत नसत, समोरच्याला विचारत, “काय होतंय?” उत्तर आलं की मग चष्मा लावत. औषधाचं नाव स्वच्छ, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असं मेडिकल कौन्सिलने २०१६ साली नियमातच घातलं. आमच्या भागात तो नियम पोचलाय. सगळ्यांच्या मनगटात उतरलाय असं नाही.

पण अक्षर ही वरवरची गोष्ट. दवाखाना किती सुरक्षित आहे याची माझी परीक्षा वेगळी आहे. शंका आली म्हणून मी फोन केला, तर पलीकडून काय उत्तर येतं?

एका संध्याकाळी कॉलेजातली एक मुलगी आजीची चिठ्ठी घेऊन आली. आजीला संधिवात, औषध मूळचं मिरजेच्या तज्ज्ञ डॉक्टरांचं. मिरजेला दर खेपेला जाणं होत नाही म्हणून गावातल्या डॉक्टरांनी तीच औषधं नव्या कागदावर उतरवून दिलेली. मेथोट्रेक्सेट, साडेसात मिलिग्रॅम, रोज एक, तीस गोळ्या. संधिवाताला मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं; महिन्याला चार, फार तर पाच गोळ्या. रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घसरतात आणि माणूस त्यात जाऊ शकतो. ‘रोज’ हा शब्द कदाचित माझ्या नजरेतून निसटलाही असता, कारण निम्म्या चिठ्ठ्यांवर तो असतोच. खटकला तो तिसाचा आकडा.

मी फोन लावला. “डॉक्टर, आजींच्या चिठ्ठीत एक विचारायचं होतं.” सांगून झाल्यावर पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग म्हणाले, “तिला जाऊ देऊ नका, मी येतो.” पेशंट तसेच बसवून ते रस्ता ओलांडून दुकानात आले. कागद घेतला, ‘रोज’वर काट मारली, ‘फक्त सोमवारी’ असं मराठीत लिहिलं, खाली रेघ ओढली, सही केली. मुलीला विचारलं, “आजीच्या तोंडात फोड-बिड नाहीत ना? आधीच्या गोळ्या कशा घेत होती?” आजी मिरजेच्या कागदाप्रमाणे सोमवारीच घेत होती. डॉक्टरांनी तिथल्या तिथे मुलीला सांगितलं, की चूक माझी होती, मेडिकलच्या ताईंनी धरली. हे सांगायची काही गरज नव्हती. पण ते वाक्य आजीच्या घरी पोचलं, घरातून वाड्यात पोचलं आणि त्या डॉक्टरांची गर्दी काही कमी झाली नाही.

दुसरं उत्तरही मला ओळखीचं आहे. आठ वर्षांच्या मुलाला तापासाठी निमेसुलाइड लिहिलेलं होतं. बारा वर्षांखालच्या मुलांना ते द्यायला आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे. मी फोन करून तेवढंच म्हटलं, तर उत्तर आलं, “तुम्हाला औषध विकायचंय का डॉक्टरकी करायचीय?” मी औषध दिलं नाही. आईला परत पाठवलं, तर तिने दुसऱ्या दुकानातून ते घेतलं. पुढचे काही महिने त्या दवाखान्यातल्या चिठ्ठ्या आमच्याकडे यायच्या बंद झाल्या.

या दोघांत ज्ञानाचा फरक आहे असं मला वाटत नाही. दुसऱ्याचं वाचन कदाचित जास्त असेल. पाट्यांवरच्या डिग्र्यांवरूनही फारसं कळत नाही. आमच्याकडे बी.ए.एम.एस., बी.एच.एम.एस. डॉक्टर जास्त, एम.बी.बी.एस. थोडे. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी एक वर्षाचा अभ्यासक्रम करून ॲलोपॅथीची औषधं लिहावीत की नाही, हा वाद महाराष्ट्रात २०१४ च्या कायदादुरुस्तीपासून पेटलेला आहे आणि त्यात दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत. मला त्यात पडायचं नाही. माझ्या काउंटरवरून एवढंच दिसतं, की “मला हे जमणार नाही, सांगलीला न्या” असं वेळेवर म्हणणारा माणूस कुठल्याही पाटीखाली बसलेला असू शकतो, आणि न म्हणणाराही.

विचारायला आधी काहीतरी हातात लागतं. पुडीत तेच नसतं. दवाखान्यातूनच सुट्या गोळ्या कागदात बांधून द्यायची पद्धत अजून जोरात आहे: सकाळची पुडी, रात्रीची पुडी, वर पेनाने एक टिंब, दोन टिंबं. पेशंटला सोयीचं, डॉक्टरच्या फीमध्ये औषधही आलं, पुन्हा मेडिकलच्या पायऱ्या चढायला नकोत. (मेडिकलवाली असल्यामुळे मी हे धंद्यापोटी म्हणतेय असं कुणाला वाटलं तर वाटो.) एकदा एक शेतकरी ओठ सुजलेला, अंगावर गांधी उठलेल्या, असा दुकानात आला. काय घेतलं विचारलं तर म्हणाला, “एक पांढरी, एक गुलाबी, एक अर्धी.” यातली कुठली बाधली? पुढच्या वेळी त्याला काय द्यायचं नाही? अर्ध्या गोळीबद्दल मला अंदाज होता. तासाभरात उतार पाडणारी ती गोळी बऱ्याचदा स्टेरॉइडची असते, आणि हाताचा गुण पुष्कळदा तिच्यात असतो. महिनोन्‌महिने ती खाऊन चेहरा गोल झालेली, साखर वाढलेली माणसं मी पाहिली आहेत. तब्येत सुधारली म्हणून घरचे खूश असतात. त्या दिवशी त्याला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं, पण तिथल्या डॉक्टरांच्या हातातही तोच शेतकरी आणि तीच तीन गोळ्यांची माहिती.

खरं तर कागद हा पेशंटचा हक्क आहे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा, चिठ्ठीवर आणि पावतीवर छापावा असं आहे. दवाखान्यात दाखल केलेल्या पेशंटचे कागद तीन वर्षं जपायचे आणि मागितले तर बहात्तर तासांत द्यायचे, हेही आहे. आमच्याकडे कुणी मागत नाही. मागितलं तर डॉक्टरला वाटतं हा कोर्टात चाललाय, आणि पेशंटला वाटतं डॉक्टर नाराज झाले तर रात्री-अपरात्री कुणाच्या दारात जायचं?

आणि जिथे तोंड उघडतो तिथे आपण भलतंच मागतो. “नुसत्या गोळ्या लिवल्यात, सुई नाय दिली,” ही तक्रार मी दिवसातून कितीदा तरी ऐकते. तक्रार माझ्याकडे, डॉक्टरकडे नाही; तिथे तो माणूस पुढच्या वेळी जातच नाही, पलीकडच्या गल्लीत जातो. सुई द्यायची तर ती नवी पाहिजे, वापरून झाली की तिथेच कापून पांढऱ्या कडक डब्यात पडली पाहिजे आणि कुणाला रिॲक्शन आलीच तर ॲड्रेनलिनची ॲम्प्यूल हाताशी पाहिजे. यातलं पेशंटला काहीच दिसत नाही; त्याला दिसते फक्त सुई दिली की नाही दिली. २००९ साली गुजरातेत मोडासा भागात हिपॅटायटिस बीची मोठी साथ आली आणि बरीच माणसं गेली. तपासात जे निघालं ते असं, की दवाखान्यांतून सिरिंजा आणि सुया पुन्हा पुन्हा वापरल्या जात होत्या. तिथल्या लोकांनी सुई आनंदानेच घेतली असणार, आपले लोक घेतात तशी.

सलाइनचं तर काही बोलायलाच नको. सुगी संपली की ताकदीसाठी सलाइन लावून घ्यायला येणारी माणसं आहेत. अर्ध्या लिटरच्या नॉर्मल सलाइनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे चमचाभरही नाही; बाकी पाणी. ज्याला तोंडाने पिता येतं त्याला ते शिरेतून द्यायचं काही कारण नाही. १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याने माणसं मरत होती आणि सलाइनचा साठा संपला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी डब्यांतून भरून नातेवाइकांच्या हाती दिलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. त्याच ओआरएसची पुडी आमच्याकडे काही रुपयांत मिळते आणि ती देताना मला गिऱ्हाइकाची समजूत घालावी लागते. “एवढंच?” असं विचारतात.

दवाखान्याच्या आत आणखी एक माणूस असतं, ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. डॉक्टरच्या हाताखालची मुलगी. तिला सगळे ‘सिस्टर’ म्हणतात, पण बहुतेक वेळा ती बारावी झालेली, दवाखान्यातच शिकलेली, गावातलीच पोर असते. केस पेपर काढते, वजन घेते, पुड्या बांधते आणि गर्दी वाढली की सुईही देते. जे डॉक्टरला दिसत नाही ते तिला दिसतं: म्हातारबांनी मागच्या वेळी या औषधाने उलट्या झाल्याचं बाकड्यावर सांगितलं होतं, किंवा लसीच्या फ्रिजची लाइट सकाळपासून बंद आहे. लसी दोन ते आठ अंशांत राहायला हव्यात हे तिला कुणी सांगितलं असेल-नसेल, पण लाइट बंद आहे हे तिला कळतं. ती बोलू शकते का, यावर बरंच काही अवलंबून आहे. समोरच्या डॉक्टरांची मुलगी मधूनच दारातून डोकं आत घालून “सर, त्यांना सल्फा चालत नाही” असं म्हणते आणि ते “बरं झालं सांगितलंस” म्हणतात. दुसऱ्या एका ठिकाणची मुलगी माझ्याकडे येऊन हळूच विचारते, “ताई, हे दिलंय ते बरोबर हाय का? सरांना सांगू नका हां.” हा प्रश्न तिला तिच्या दवाखान्यात विचारता येत नाही, म्हणून तो रस्ता ओलांडून येतो.

खोकल्याची बाटली हे माझं सगळ्यात आवडतं आणि नावडतं औषध. आवडतं, कारण तिच्यावरून पुष्कळ कळतं. एकच माणूस महिन्यात तिसऱ्यांदा बाटली न्यायला आला की मी विचारते, “थुंकी तपासली का?” दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर क्षयाची तपासणी करायची, हे सरकारी भिंतीभिंतीवर लिहिलेलं आहे. पण पहिली बाटली एका डॉक्टरची, दुसरी दुसऱ्याची, तिसरी आमच्यासारख्या दुकानातून अशीच. प्रत्येकासमोर तो नवा पेशंट असतो. जुना असतो तो फक्त खोकला.

माझी भाची इंग्लंडात स्लावला असते. तिकडच्या दवाखान्यांबद्दल तिच्या तक्रारी खूप. सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावायचा, लागला तर नंबर, आणि एवढं करून डॉक्टर म्हणणार, पाणी प्या, झोप घ्या. दर खेपेला जाताना ती माझ्याकडे अँटिबायोटिकच्या स्ट्रिपा मागते आणि दर खेपेला मी नाही म्हणते. तिच्या दवाखान्याच्या दारावर सरकारी तपासणीत मिळालेला शेरा लावलेला असतो. २०१५ पासून तो लावणं तिकडे कायद्याने भाग आहे. मला मात्र दाराबाहेरच्या शेऱ्यापेक्षा अलीकडचा एक नियम जास्त भावला. जेसिका ब्रॅडी ही सत्तावीस वर्षांची मुलगी काही महिन्यांत वीसहून जास्त वेळा दवाखान्याच्या संपर्कात आली, आणि कर्करोग कळला तेव्हा उशीर झाला होता. २०२० च्या डिसेंबरात ती गेली. तिच्या आई-वडिलांच्या खटपटीतून २०२५ च्या सप्टेंबरात ‘जेसचा नियम’ आला. तीच तक्रार घेऊन पेशंट तिसऱ्यांदा आला आणि निदान हाती नसेल, तर डॉक्टरने थांबायचं आणि सगळं पहिल्यापासून तपासायचं. डॉक्टरने स्वतःलाच विचारायचं, की माझं काही चुकतंय का? आमच्याकडे तीन वेळा आलेल्या पेशंटला बाटली बदलून मिळते.

त्याच सुमाराला आपल्याकडे काय झालं ते वर्तमानपत्रांत आलंच. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात साध्या सर्दी-खोकल्याच्या मुलांना दिलेल्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, मुलांची किडनी बंद पडली, कितीतरी मुलं नागपूरला आणावी लागली आणि वीसहून जास्त दगावली. विष घातलं कारखान्याने आणि गुन्हा तिथलाच. पण पाच वर्षांखालच्या मुलांना असली सिरपं शक्यतो देऊच नयेत, हे केंद्र सरकारने पुन्हा सांगितलं ते तेव्हा. त्यानंतर दोन-तीन आठवडे आया बाटली उलटीसुलटी करून “हे चांगलं हाय न्हवं?” असं विचारत होत्या. मला फार बरं वाटायचं. मग विचारणं थांबलं.

इंग्लंडची टापटीप सांगून मला आपल्या लोकांना खाली बघायला लावायचं नाही. तिकडेच मँचेस्टरजवळच्या हाइड गावात हॅरल्ड शिपमन नावाचा डॉक्टर होता. एकट्याचा दवाखाना, म्हाताऱ्या बायकांचा अतिशय लाडका, घरी येऊन बघणारा. आपल्या मापाने अगदी हाताला गुण असलेला. त्याने किती पेशंटना मुद्दाम मॉर्फिनच्या जातीची इंजेक्शनं देऊन मारलं, ते पुढे चौकशी समितीने मोजलं: २१५ नक्की. १९९८ च्या मार्चमध्ये शेजारच्या दवाखान्यातल्या डॉ. लिंडा रेनॉल्ड्स यांनी विचारलं होतं, की यांचे पेशंट इतके कसे जातात? दहनाच्या कागदांवर तेव्हा दुसऱ्या डॉक्टरची सही लागायची, म्हणून आकडा त्यांच्या लक्षात आला. पोलिसांनी वरवर पाहून फाइल मिटवली. तो पकडला जाईपर्यंत आणखी तिघी गेल्या. शिपमन हा खुनी होता; आमच्या गल्लीतल्या कुणाशी त्याची तुलना करणं मूर्खपणाचं होईल. मला त्यातलं खटकतं ते वेगळं आहे: इतक्या विश्वासात एकीने विचारलं, आणि ते विचारणं कुणाला आवडलं नाही.

डॉक्टरांची बाजूही मी रोज बघते. पेशंट दगावला की काचा फुटतात. दवाखान्यांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्राला २०१० साली वेगळा कायदा करावा लागला, आणि तरी हल्ले थांबलेले नाहीत. ज्या गावात प्रश्नाच्या मागून दगड येऊ शकतो, तिथे डॉक्टर प्रश्नालाच घाबरणार. मेथोट्रेक्सेटची चूक दुकानात उभं राहून कबूल करणाऱ्या डॉक्टरांना मी नंतर म्हटलं, की तुम्ही तिला सांगायला नको होतं, लोक वाकडा अर्थ काढतात. ते म्हणाले, “आजीला काही झालं असतं तर मग सांगता आलं नसतं. काही झालं नाही तेव्हाच सांगून घ्यावं.” मला हे व्यवहाराचं वाटलं. त्यानंतर त्यांच्याकडून येणाऱ्या मेथोट्रेक्सेटच्या प्रत्येक चिठ्ठीवर वाराचं नाव असतं, आणि त्यांच्या हाताखालची मुलगी पेशंटकडून तो वार पाठ म्हणून घेते.

गावात नवा दवाखाना उघडला, पूजेचं बोलावणं आलं, की मी जाते. पेढा घेते आणि डॉक्टरांना एकच विचारते: चिठ्ठीत शंका आली तर फोन कुठल्या नंबरवर करू? काही जण खिशातून पेन काढून स्वतःचा मोबाइल नंबर लिहून देतात. काही जण म्हणतात, कंपाउंडरला करा. दोन्ही नंबर मी शेड्यूल एचवनच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर नावासकट उतरवून ठेवते, आणि ज्यांनी कंपाउंडरचा दिलाय त्यांच्या चिठ्ठ्या दोनदा वाचते.